पावती

"आबा!" मी तिसऱ्यांदा हाक मारली.

पलीकडून उत्तर आलं नाही. दुपार झाली होती. माझ्या बापाच्या घरावरून धूर निघत नव्हता, अंगणात बांधलेली गाय मात्र खुंट्याभोवती फिरून फिरून हंबरत होती. मी तारेजवळ उभी होते. तार सहापदरी, काटेरी, माझ्या डोक्यापेक्षा वितभर उंच. तारेपलीकडे नाचणीचं कापलेलं शेत, मग बांध, मग आबाची पोफळीची बाग आणि बागेत घर. मोजून दोनशे पावलं.

दोनशे पावलं म्हणून तर आबाने मला या घरात दिली होती. आई माझ्या लहानपणीच गेली. मी एकुलती एक. चांगली चांगली स्थळं आली, एक तर मुंबईत गिरणीत नोकरीला असलेला मुलगा होता. आबाने सगळी परतवली. शेवटी मेणशातल्या शाणूशी लग्न ठरवलं तेव्हा गावातले म्हणाले, "धाकू गवसान चेडू फिरंग्यांच्या मुलखात दिल्यान." आबा म्हणाला, "मुलूख फिरंग्यांचो असांदे. हाक मारल्यावर ऐकाक येता, माका तितक्याच व्हया."

खरंच होतं ते. माहेर पाणोशी, शिरंगळ संस्थानात. सासर मेणसे, फिरंगी हद्दीत. मधे एक बांध. त्या बांधावरून सरहद्द जाते हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते नदीला मगर आहे हे ठाऊक असावं तसं. रोज सकाळी सासरचं काम आटपलं की मी बांध ओलांडून जायची, आबाचं जेवण रांधायची, गायीला पाणी दाखवायची आणि परत यायची. सासूबाईंनी कधी नाही म्हटलं नाही.

मग गुरांमध्ये बुळकांडीची साथ आली. फिरंग्यांकडची गुरं इकडे नकोत, इकडची तिकडे नकोत म्हणून एका महिन्यात नऊ मैल कुंपण उभं राहिलं. संस्थानाने किंदळीच्या लाकडाचे खांब पाठवले. तारेची भेंडोळी इंग्रज सरकारच्या बैलगाड्यांवरून आली. खड्डे खणायला फिरंगी सरकारने माणसं लावली. तीन सरकारं एका कामाला लागलेली आमच्या भागाने पहिल्यांदाच पाहिली. साथ चार महिन्यांत सरली. कुंपण राहिलं. जकातवाल्यांना ते आवडलं, म्हणे. पाणोशीला जायचं तर आता नदीकाठच्या नाक्यापर्यंत साडेतीन मैल खाली, तिथे पास दाखवायचा, आणि पलीकडून साडेतीन मैल वर.

तेव्हापासून मी आणि आबा तारेशी भेटायचो. रोज दुपारी तो काठी टेकत यायचा. "जेवलंस?" मी विचारायची. "जेवलंय," तो म्हणायचा, आणि काय जेवला ते सांगायचा नाही, म्हणजे मला कळायचं की कालची पेज.

त्या दुपारी तो आला नाही.

मी घरी धावले. शाणू बागेत पाणी लावायला गेला होता. पडवीत कोयता आणि पारय, म्हणजे लोखंडी पहार, होती, ती उचलली. सासूबाई म्हणाल्या, "भामी, खंय गो?" मी तोवर अंगणाबाहेर होते. तारेजवळ आले. दोन खांबांच्या बुडाशी पारय घालून ते हलवले, उपटले, तार आडव्या खांबावर घेऊन कोयत्याने एकेक पदर तोडला. सहाच्या सहा. हात फाटले, ते नंतर दिसलं. मग मी पळत सुटले.

आबा बागेतल्या पाटात पडला होता. सकाळी शेवाळावरून पाय सरकला, डावा पाय गुडघ्याखाली मोडला. अर्धा पाण्यात, अर्धा काठावर. ओठ काळे पडले होते. मला बघून तो म्हणाला, "गायीक पाणी दाखवूक नाय अजून."

मी त्याला ओढू लागले, पण तो मला पेलवेना. एवढ्यात मागून आवाज आला, "सोड. मी धरतंय." संस्थानचा हवालदार सखोबा राऊळ. कुंपणाच्या राखणीवर त्याची नेमणूक होती. तुटलेली तार बघून माझ्या मागोमाग आला होता. त्याने पागोटं काढून बाजूला ठेवलं, आबाला पाठीवर घेतलं, घरात नेऊन निजवलं, आणि स्वतःच जाऊन हाडवैद्याला घेऊन आला. हाड बसवताना आबाचे खांदे त्यानेच दाबून धरले.

सगळं झाल्यावर तो अंगणात उभा राहून म्हणाला, "भामये, माका रिपोट करूकच व्हयो."

"कर," मी म्हटलं.

"नोकरी असा गो माझी."

"कर म्हटलंय ना."

तो जायला निघाला आणि परत वळला. "पेज तरी दी वायंच. सकाळपासून काय खाल्लंलंय नाय."

*

पंधरा दिवसांनी समन्स आलं. सरकारी मालमत्तेची नासधूस. शाणू ते घेऊन गावातल्या मास्तरांकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. सहा महिने कैद होऊ शकते, मास्तर म्हणाले होते. सासूबाईंनी देवाला नारळ बोलला. वकील करायचा तर म्हैस विकावी लागली असती. मी शाणूला म्हटलं, "वकील काय करणार? मी तोडलं नाही असं सांगणार? तोडलंय मी."

शिरंगळच्या कचेरीत मुन्सफ होते भडकमकर म्हणून. घाटावरचे. उंच, कोरडे, मिशा कातरलेल्या. ते हसल्याचं कुणी पाहिलं नाही असं शिपायाने आम्हाला बाहेरच सांगून ठेवलं होतं. त्यांच्या बाजूला शिरस्तेदार करंदीकर कागदांच्या ढिगाआड बसले होते.

"शाणूची बायको सत्यभामा, राहणार मेणसे, तूच?"

"होय."

"कुंपण तू तोडलंस?"

"होय, साहेब."

"का?"

मी सांगितलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. राऊळ हवालदाराची साक्ष झाली, त्यानेही खरं तेच सांगितलं. मग मुन्सफ बराच वेळ समोरच्या कागदावर काहीतरी वाचत राहिले. मी पाय बदलत उभी. शाणू दाराशी.

"नुकसान किती झालं?" त्यांनी शिरस्तेदारांना विचारलं.

"दोन खांब आणि सहा पदर तार, मजुरी धरून अकरा रुपये चार आणे."

"बाई, भरपाई द्यायला तयार आहेस?"

मी म्हटलं, "देते की. माझ्या बापाने मला दुसऱ्याचं बुडवायला शिकवलेलं नाही." आणि खरंच मी पदराची गाठ सोडली. सुपारी विकून आलेले पैसे होते, दंड भरायला लागेल म्हणून शाणूने दिलेले.

शिरस्तेदार करंदीकरांनी हात पुढे केला, मग एकदम मागे घेतला. ते उठून मुन्सफांच्या कानाशी काहीतरी बोलले. मुन्सफांचा चेहरा तसाच.

"या कोर्टाला ते घेता येत नाहीत," मुन्सफ म्हणाले. "भरपाई मालकाला द्यायची असते. ज्याचं कुंपण त्याला हे पैसे दे आणि त्याची सही-शिक्क्याची पावती मला आणून दे. पावती आली की खटला मिटला."

"कुंपण कुणाचं, साहेब?"

"ते तू शोधायचंस. तीन ठिकाणी विचार. संस्थानच्या बांधकाम कचेरीत, इंग्रजांच्या जकात बंगल्यावर आणि फिरंगी ठाण्यात. आणि एक लक्षात ठेव. कुणी घेणार नाही म्हणाला तर तोंडी चालणार नाही. 'हे कुंपण आमचं नाही' असं लिहून आण. कागदाशिवाय माझ्यासमोर येऊ नकोस."

मग ते शिरस्तेदारांकडे वळले. "लिहा. निकाल लागेपर्यंत तुटलेली जागा आहे तशीच ठेवावी. ती मुद्द्याची जागा आहे. तिला कुणीही हात लावू नये."

बाहेर आल्यावर मी शाणूजवळ रडले. सहा महिने कैद परवडली असती, असं वाटलं. तीन सरकारांच्या दारात मी अडाणी बाई अकरा रुपये घेऊन कुठे कुठे फिरू? आबा अंथरुणावर. त्या मिशीवाल्या माणसाला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्यातल्या निम्म्या मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं.

*

पण आबाचं पथ्यपाणी थांबलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी भीतभीत त्या भोकापाशी आले. राऊळ हवालदार तिथे दगडावर बसून तंबाखू मळत होता.

"जाऊ?" मी विचारलं.

त्याने तंबाखू दाढेखाली ठेवली. "माका हुकूम असा कुंपणाची राखण करूचो. जंय कुंपणच नाय, थंय माझा काय काम?" आणि तो उठून पलीकडच्या खांबांकडे निघून गेला.

त्या दिवसापासून मी रोज गेले. सकाळी आबाची पेज, दुपारी भात. अधल्यामधल्या दिवशी शाणू आणि मी पावतीच्या मागे.

संस्थानच्या बांधकाम कचेरीत एक ओव्हरसियर होते. मी पैसे टेबलावर ठेवले तसे ते विंचू बघावा तसे मागे सरले. "उचल ते आधी! तार इंग्रजांची आहे. आम्ही नुसते खांब दिले, तेही उसने." मी म्हटलं, लिहून द्या. त्यांनी आत जाऊन कुणाला तरी विचारलं, मग लगेच लिहून दिलं. शिक्काही मारला. एवढं झटपट सरकारी काम मी पुन्हा पाहिलं नाही.

इंग्रजांच्या बंगल्यावर साहेब भेटले नाहीत, त्यांचे हेडक्लार्क भेटले. गोरेपान, कानावर भिकबाळी. त्यांनी माझी सगळी हकीकत ऐकून घेतली, बसायलाही सांगितलं. मग म्हणाले, "बाई, तुझे पैसे घेऊन पावती फाडणं हे माझं रोजचं काम. पण ही पावती फाडली तर साहेब मला फाडतील." आणि त्यांनी इंग्रजीत एक कागद टंकून दिला. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाले, "कुंपण संस्थानाच्या खांबांवर आणि फिरंग्यांच्या जमिनीवर उभं आहे, सबब आमचं नाही."

फिरंगी ठाण्यावर जायला मला भीती वाटत होती. तिथला काबो, म्हणजे आमच्याकडच्या हवालदारासारखा, कायतान नावाचा, आमच्याच बाजूचा किरिस्तांव. त्याला सगळी गोष्ट आधीच कळलेली. "चल गे बाय, हांव येतां तुजेवांगडा," म्हणाला आणि थेट मोठ्या अधिकाऱ्यापुढे घेऊन गेला. त्या अधिकाऱ्याने माझ्या फाटलेल्या हातांकडे पाहिलं. खपल्या अजून गेल्या नव्हत्या. कायतानला फिरंगी भाषेत काहीतरी विचारलं. कायतान बोलला. मग त्या गोऱ्या माणसाने खुर्चीत मागे रेलून मोठ्यांदा हसायला सुरुवात केली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून दिल्या.

"काय म्हणाला?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"म्हणाला, आमी फकत फोंड मारले. फोंडांची पावती दिवं येता, तारेची ना." आम्ही नुसते खड्डे मारले. खड्ड्यांची पावती देता येते, तारेची नाही.

या सगळ्यात तीन महिने गेले. आबा काठीवर उभा राहू लागला.

*

दुसऱ्या तारखेला मी तिन्ही कागद मुन्सफांपुढे ठेवले. त्यांनी एकेक उचलला, शिक्के पाहिले, उजेडाकडे धरून सह्या पाहिल्या. मग शिरस्तेदारांना मोठ्याने वाचायला सांगितलं. करंदीकरांनी वाचलं. तिन्ही सरकारांचं म्हणणं एकच. कुंपण आमचं नाही.

"हे तिन्ही कागद दाव्याला जोडा," मुन्सफ म्हणाले. "नकला तिन्ही सरकारांना पाठवा." मग त्यांनी निकाल सांगितला. ज्या वस्तूला मालक नाही तिच्या नुकसानीची फिर्याद कोण करणार? आरोपी निर्दोष. जा.

मला पटकन कळलंच नाही. मी तिथेच उभी.

"काय आहे?"

"साहेब, मग पैसे कुणाला देऊ?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुन्सफ हसले नाहीत. "घरी जा, बाई," ते म्हणाले. "तुझा बाप वाट बघत असेल."

बाहेर ओट्यावर शिरस्तेदार करंदीकर आमच्या मागून आले. डबीतून चिमूटभर तपकीर ओढून म्हणाले, "काय झालं ते कळलं का तुला?"

"सुटले."

"ते झालंच. अगं, या कुंपणाचा खर्च अडतीस हजार झालाय. साथीच्या घाईत तिघांनी मिळून बांधलं, हिशेब मागाहून म्हणाले. दोन वर्षं झाली, तिघंही एकमेकांना लिहितायत, कुंपण तुमचं, तुम्ही द्या. माझ्या कपाटात दोन खण भरलेत त्या पत्रांनी. त्यात तू आलीस अकरा रुपये घेऊन! जो ते घेऊन पावती देईल तो मालक ठरणार, आणि अडतीस हजार त्याच्या गळ्यात. कोण घेतोय?"

शाणू तिथेच ओट्यावर बसला आणि हसत सुटला. लग्नाला चार वर्षं झाली होती, तो असा हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी मात्र मनात म्हटलं, देवानेच सोडवलं. मुन्सफांना त्याचं श्रेय द्यावं असं मला वाटलं नाही. त्यांनी तर मला तीन महिने वणवण फिरवलं होतं.

ते भोक तसंच राहिलं. पहिल्या वर्षी माझ्या पायवाटेइतकं होतं, दुसऱ्या वर्षी बैलगाडी जाईल एवढं झालं. मग गावोगावच्या लोकांना कळलं की ही तार कुणाचीच नाही. कुणी केळीला आधार म्हणून खांब नेला, कुणी गोठ्याला तार नेली. जे उरलं त्यावर कुहिली आणि घाणेरी चढली. राऊळ हवालदाराची बदली होईपर्यंत तो इमानाने राखण करत होता. कशाची, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुपारी आमच्याकडे ताक पिऊन जायचा.

*

चौदा वर्षांनी एक दिवस आमच्या अंगणात छत्री मिटत एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. मिशा पांढऱ्या. मी ओळखलं नाही. म्हणाले, "भडकमकर. मुन्सफ होतो शिरंगळला. निवृत्त झालो. गाव सोडून जाण्याआधी एकदा ती जागा बघावीशी वाटली."

मी गडबडून घोंगडी अंथरली. शाणूने शहाळं सोललं. मुलं दाराआडून बघत होती, चौघंजण. मुन्सफ ओटीवर बसून पलीकडच्या शेताकडे पाहत राहिले. तिकडून आमची म्हैस चरत इकडे येत होती, तिला कुणी विचारत नव्हतं.

मी चहा आणि गूळपोहे दिले. बराच वेळ धीर होईना. मग म्हटलंच. "साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुम्हाला त्या कुंपणाच्या पत्रांचं आधीपासून ठाऊक होतं?"

"त्यातली निम्मी मीच लिहिलेली होती. संस्थानच्या वतीने."

"म्हणजे पावती कुणीच देणार नाही हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मग पहिल्याच दिवशी सोडून का नाही दिलंत? मला तीन महिने दारोदार फिरवलंत. किती शिव्या दिल्या मी तुम्हाला!"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "पहिल्या दिवशी सोडलं असतं तर तू सुटली असतीस," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी माणसं येऊन त्यांनी तार पुन्हा जोडली असती. मग पुढच्या वेळी बाप पडल्यावर काय केलं असतंस? म्हणून तिघांच्या सह्या लागत होत्या मला, आमचं नाही म्हणून. मी मागितल्या असत्या तर कुणी दिल्या नसत्या. माझ्या पत्राला सहा महिन्यांनी उत्तर यायचं. पण दारात पैसे घेऊन उभी राहिलेली बाई घालवायची म्हणजे कागद द्यावाच लागतो. एकदा लिहून दिल्यावर कोण हात लावणार त्या तारेला? लावेल तो मालक."

चौदा वर्षं मी त्या वाटेने येत-जात होते. आज पहिल्यांदा कळलं की ती वाट मी पाडली नव्हती. मी नुसती तार तोडली होती.

शाणू उठून आत गेला आणि त्याने देवापुढचा नारळ आणून मुन्सफांच्या हातात दिला. ते अवघडले. तो नारळ मांडीवर घेऊन बसले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "वडील?"

"गेले, साहेब. पाच वर्षं झाली. पण चांगली नऊ वर्षं चालले-फिरले त्या पायावर. शेवटी काही दुखणं नाही. सकाळी बाग शिंपून आले, पेज प्याले, तुळशीकडे तोंड करून बसले आणि तसेच गेले."

"कुठे? पाणोशीला?"

"नाही," मी म्हटलं. "इथेच. तुम्ही बसलायत तिथे."

भडकमकरांनी खाली ओटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या कोरड्या चेहऱ्यावर हसू यायला वेळ लागला, पण आलं. मग त्यांनी रिकामी बशी पुढे केली आणि म्हणाले, "अजून थोडे पोहे असतील तर वाढ गं, बाई."